शाळेचे वातावरण आणि चाचणीतील गुण
नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यात चाचणीच्या दिवशी दोन शाळा पाहण्याचा योग काही काळापूर्वी आला. दोन्ही शाळा जिल्हा परिषदेच्या, दोन्ही द्विशिक्षकी, आणि दोन्हीकडे बहुतांश मुले कोकणा व महादेव कोळी समाजांतील. इमारतीचा आराखडा एक, प्रश्नपत्रिका एक, दुपारची खिचडीही एकाच धाटणीची. पहिल्या शाळेत आम्ही व्हरांड्यात पाऊल टाकताच वर्ग चिडीचूप झाला. मुलांनी हातातील पेन्सिली थांबविल्या आणि ती गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहू लागली. दुसऱ्या शाळेत तिसरीतील एक मुलगी प्रश्नपत्रिका हाती घेऊन सरळ बाईंजवळ आली आणि एका शब्दाचा अर्थ विचारू लागली. आज चाचणी आहे, आज सांगता येणार नाही, असे बाईंनी हसून सांगितले. मुलगी जागेवर गेली आणि तिने आपल्या समजुतीने काहीतरी लिहिले.

पुढे दोन्ही शाळांच्या उत्तरपत्रिका पाहावयास मिळाल्या. दोहोंच्या सरासरी गुणांत मोठे अंतर नव्हते. परंतु पहिल्या शाळेत ठिकठिकाणी कोऱ्या जागा होत्या, तर दुसऱ्या शाळेत चुकलेली उत्तरे पुष्कळ होती आणि कोरी जागा क्वचित. गुणांच्या तक्त्यात ह्या दोन गोष्टी एकाच शून्याने नोंदल्या जातात. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र चुकीचे उत्तर ही शिकविण्याची सुरुवात असते; कोऱ्या जागेवरून मुलाला काय येते, हेही कळत नाही आणि काय येत नाही, हेही कळत नाही. शाळेचे वातावरण व प्रमाणित चाचण्यांतील संपादणूक यांचा संबंध काय, ह्या प्रश्नाचा विचार करताना ह्या कोऱ्या जागा वारंवार डोळ्यांसमोर येतात.

चाचण्यांचे वाढते महत्त्व

गेल्या दशकात आपल्या राज्यात चाचण्यांना पूर्वी कधी नव्हते एवढे महत्त्व आले आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि पायाभूत व संकलित चाचण्या शाळाशाळांतून घेतल्या जाऊ लागल्या. २०२३-२४ पासून ‘स्टार्स’ प्रकल्पांतर्गत तिसरी ते आठवीच्या वर्गांसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांची मालिका सुरू झाली. राष्ट्रीय पातळीवर १३ नोव्हेंबर २०१७ आणि १२ नोव्हेंबर २०२१ रोजी संपादणूक सर्वेक्षणे झाली. ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ ह्या नावाने तिसरी, सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण झाले. ह्या जोडीला शाळांचे श्रेणीकरण आले. २०१६ पासून राज्यात राबविल्या गेलेल्या ‘शाळासिद्धी’ उपक्रमात ७ क्षेत्रे व ४६ गाभा मानके होती. २०२४ साली ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ अभियानाचा दुसरा टप्पा झाला. त्यातील १५० गुणांपैकी ४३ गुण शैक्षणिक संपादणुकीसाठी होते.

ह्यांपैकी राष्ट्रीय सर्वेक्षणांविषयी एक गैरसमज अनेक ठिकाणी आढळतो. ही सर्वेक्षणे नमुना पद्धतीची असतात. निवडक शाळांतील निवडक मुलांची चाचणी घेऊन जिल्ह्याचे व राज्याचे चित्र रेखाटणे एवढाच त्यांचा उद्देश असतो. त्यांवरून अमुक एका गावची शाळा चांगली वा वाईट ठरविणे म्हणजे तालुक्याच्या पर्जन्यमापकावरून एखाद्या शेतातील ओल सांगण्यासारखे आहे. तरीही ग्रामसभेत असे निष्कर्ष काढले गेल्याचे ऐकिवात येते.

वातावरण म्हणजे काय?

शाळेचे वातावरण म्हटले की रंगविलेल्या भिंती, कुंड्या आणि प्रवेशद्वारावरील सुविचार एवढेच अनेकांच्या मनात येते. अभ्यासकांना अभिप्रेत असलेला अर्थ याहून व्यापक आहे. मुलाला शाळेत सुरक्षित वाटते काय, चुकल्यास त्याची हेटाळणी होते काय, शिक्षक परस्परांशी अध्यापनाविषयी बोलतात काय, मुख्याध्यापक व शिक्षक यांच्यांत विश्वास आहे काय, आणि पालक शाळेत निःसंकोच येऊ शकतात काय, ह्या सर्वांतून शाळेचे वातावरण घडते.

ह्या विषयावरील एक महत्त्वाचा अभ्यास मायकेल रटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील १२ माध्यमिक शाळांत केला आणि तो १९७९ साली ‘फिफ्टीन थाउजंड अवर्स’ ह्या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मूल शालेय जीवनात साधारणपणे जेवढे तास शाळेत घालविते, त्यावरून ग्रंथाला हे नाव देण्यात आले. शाळेत येणाऱ्या मुलांची कुवत व घरची परिस्थिती जमेस धरूनही हजेरी, वर्तन आणि परीक्षेतील यश यांबाबत शाळाशाळांत मोठी तफावत उरते, असे त्यांना आढळले. त्या तफावतीशी इमारतीच्या जुनेपणाचा वा आकाराचा फारसा संबंध नव्हता. शिक्षक वेळेवर तास सुरू करतात काय, गृहपाठ देऊन तो तपासतात काय, मुलांचे कौतुक होते काय, त्यांनी केलेले काम भिंतीवर लावले जाते काय, त्यांच्यावर काही जबाबदारी सोपविली जाते काय, अशा साध्या गोष्टींचा संबंध अधिक होता. आपल्याकडील कोणताही केंद्रप्रमुख अर्ध्या दिवसाच्या भेटीत ह्या गोष्टी पाहू शकेल, एवढ्या त्या साध्या आहेत.

अमेरिकेत शिकागो शहरातील प्राथमिक शाळांचा अँथनी ब्रिक व बार्बरा श्नायडर यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. शिक्षक, मुख्याध्यापक व पालक यांच्यांतील परस्परविश्वासावर त्यांचा भर होता. १९९४ साली जेथे हा विश्वास भक्कम होता, त्या शाळांपैकी सुमारे निम्म्या पुढे वाचन व गणितातील चाचण्यांत सुधारणा करणाऱ्या गटात गेल्या. जेथे विश्वास दुबळा होता, तेथे हे प्रमाण सातांत एक एवढेच होते. विश्वासाने गुण वाढतात, की गुण वाढू लागल्याने विश्वास वाढतो, हा प्रश्न येथे कोणीही विचारील, आणि तो रास्तही आहे. दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी चालू असाव्यात. विश्वास आधीच्या वर्षांत मोजला होता व प्रगती नंतरच्या वर्षांत, म्हणून ह्या निष्कर्षाला वजन आहे.

आपल्या डोंगराळ भागातील शाळांत ही प्रक्रिया कशी घडते, हे समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. पहिलीत येणारे कोकणा मूल घरची बोली घेऊन येते. पाठ्यपुस्तकाची भाषा त्याच्या कानावरून गेलेली नसते. त्याने उच्चारलेल्या पहिल्या वाक्याला वर्ग हसला आणि शिक्षकही त्या हसण्यात सामील झाले, तर ते मूल पुढे कित्येक महिने बोलत नाही. जे बोलत नाही, त्याचे काय अडते ते शिक्षकास कळत नाही. तिसरीत त्याच्यापुढे प्रश्नपत्रिका येते तेव्हा चुकण्यापेक्षा काहीच न लिहिणे त्याला सुरक्षित वाटते. शिक्षक दर दोन-तीन वर्षांनी बदलत असतील, तर ही ओळख दरवेळी पहिल्यापासून करावी लागते.

फळानुसार दाम : एक जुना प्रयोग

चाचणीच्या निकालावर शाळेची किंमत ठरविण्याचा प्रयोग नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान निरीक्षकाने घेतलेल्या वाचन, लेखन व गणिताच्या परीक्षेवर अवलंबून ठेविले. स्वतः शालेय निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी त्यास सातत्याने विरोध केला. पुस्तक पाठ करून घेणे आणि परीक्षेत विचारल्या जाणाऱ्या विषयांपलीकडे काहीच न शिकविणे, हे परिणाम त्यांनी शाळाशाळांतून पाहिले होते. मुंबई इलाख्यातही १८६० नंतरच्या दशकात अनुदानासाठी हीच पद्धत आली.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात ह्या पद्धतीचा परामर्श घेतला आहे, ही गोष्ट तितकीशी चर्चिली जात नाही. गरीब व शिक्षणापासून वंचित असलेल्या लोकांत विद्येचा प्रसार करण्यास निकालावर आधारलेली ही पद्धत मुळीच योग्य नाही, असे त्यांनी स्पष्टपणे नोंदविले. ज्यांच्यांत शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, त्यांच्यांत निकालाच्या भरवशावर कोणता शिक्षक शाळा काढील आणि त्यावर त्याचा चरितार्थ कसा चालेल, असा त्यांचा मुद्दा होता. सुरगाण्यातील एखाद्या पाड्यावर पहिल्या पिढीचे शिक्षण घेणारी मुले आणि नाशिक शहरातील सुशिक्षित घरांतील मुले यांच्या शाळा एकाच तराजूत तोलल्या जातात, तेव्हा हा मुद्दा आजही लागू पडतो.

दडपण वाढले की वातावरण बिघडते आणि त्या बिघडलेल्या वातावरणात गुण मात्र चढतात, असेही घडते. अमेरिकेतील अटलांटा शहरात चाचण्यांचे गुण आश्चर्यकारकरीत्या वाढत होते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांचा उत्तरपत्रिकांतील गैरप्रकारांशी संबंध असल्याचे नमूद झाले. तेथील शिक्षक ठरविलेले लक्ष्य न गाठल्यास काय होईल, ह्या भीतीखाली होते, असेही त्या अहवालात म्हटले आहे.

इतक्या दूर जाण्याची आवश्यकता नाही. प्रस्तुत लेखक चौथीत असताना शाळातपासणीच्या आदल्या दिवशी गुरुजींनी आमच्या वर्गातील तीन मुलांना उद्या येऊ नका, असे सांगितले होते. त्यांतील एक जण आमच्याच आळीतील होता. तपासणी उत्तम झाली. साहेबांनी शेरेबुकात प्रशंसा केली. तो मित्र दुसऱ्या दिवशी आला, परंतु पाचवीत मात्र आला नाही. गुरुजी वाईट नव्हते. आम्हांस गणित त्यांनीच आवडीने शिकविले. त्यांच्यापुढे शेरेबुक होते, एवढेच.

आकड्यांचे वाचन

दहावीच्या निकालाचे उदाहरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० साली ९५.३० टक्क्यांवर गेला. तीन वर्षांत राज्यातील शाळांचे वातावरण एवढे बिघडले आणि पुन्हा एवढे सुधारले, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ साली नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे ह्या विषयांतील शाळेकडून मिळणारे अंतर्गत गुण बंद झाले होते. पुढील वर्षी ते पुन्हा सुरू झाले. मोजपट्टी बदलली की उंचीही बदललेली दिसते.

लहान शाळांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. समजा, एका वर्गात ८ मुले आहेत. त्यांतील ७ जणांची सरासरी ६४ आहे आणि आठव्याला २४ गुण मिळाले, तर वर्गाची सरासरी ५९ वर येते. हेच मूल ४० पटाच्या वर्गात असते, तर सरासरी केवळ ६३ झाली असती. पाड्यावरील शाळेचा क्रमांक एका मुलामुळे तालुक्यात पुष्कळ खाली जाऊ शकतो. असे असता ते मूल त्या दिवशी गैरहजर राहिले तर बरे, असा विचार कोणाच्या मनात आला तर नवल नाही. वर सांगितलेली तपासणीच्या दिवशीची युक्ती हीच.

आपल्या जिल्ह्यात हजेरीचा प्रश्न शेतीच्या ऋतुचक्राशी बांधलेला आहे. पावसाळ्यात भाताची व नागलीची आवणी सुरू झाली की मोठी मुले शेतावर दिसतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पेठ, सुरगाणा भागातील कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीसाठी उतरतात आणि अनेकदा मुलेही बरोबर जातात. पहिली संकलित चाचणी ह्याच सुमारास असते. मूल नऊ-दहा आठवडे शाळेबाहेर राहून परतते, तेव्हा त्याला जे येत नाही, त्याचा दोष शाळेच्या अध्यापनावर टाकता येत नाही. परतलेल्या मुलाला शाळा कशी वागविते, हा मात्र वातावरणाचा प्रश्न आहे. त्याचे नाव हजेरीपटावर कायम आहे, त्याची वही कपाटात जपून ठेवली आहे, त्याच्यासाठी बाई अर्धा तास अधिक थांबतात, अशा शाळेत ते मूल टिकते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची योजना आहे. ज्या गावी कुटुंब गेले, तेथील शाळेने ते पत्रक पाहून मुलाला त्याच दिवशी वर्गात बसवून घेतले, तरच त्या कागदाचा उपयोग.

मोजमापात वातावरणाला स्थान किती?

केंद्र शासनाच्या जिल्हास्तरीय कामगिरी श्रेणी निर्देशांकाचा पहिला अहवाल २०१८-१९ व २०१९-२० ह्या वर्षांसाठी प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ६०० गुण व ८३ निर्देशक होते. त्यांपैकी २९० गुण फलनिष्पत्तीला, ९० परिणामकारक वर्गअध्यापनाला आणि ३५ गुण शाळेतील सुरक्षितता व बालसंरक्षण यांना होते. अधिकारी ज्या रकान्याला अधिक गुण तेथे अधिक लक्ष देतो, हा मनुष्यस्वभाव आहे. ३५ गुणांच्या रकान्याकडे पाहण्यास आढावा बैठकीत कितीसा वेळ उरतो, हे अशा बैठकांना बसलेल्या वाचकांस ठाऊक आहे.

संपादणूक सर्वेक्षणात मुलांना शाळेविषयीही प्रश्न विचारले जातात. २०२१ च्या सर्वेक्षणात देशभरातील ९६ टक्के मुलांनी शाळेत येणे आवडते, असे उत्तर दिले आणि ९४ टक्क्यांनी शाळेत सुरक्षित वाटते, असे सांगितले. कोरोनाच्या दीर्घ बंदीनंतर मुलांना शाळेची ओढ वाटली असेल, हे खरेच. परंतु जेथे जवळजवळ सर्वच होय म्हणतात, त्या उत्तरावरून चांगले वातावरण असलेली शाळा व तसे नसलेली शाळा वेगळी काढता येत नाही. शिवाय, बाहेरून आलेल्या मोठ्या माणसापुढे मुले नाही म्हणण्यास धजत नाहीत. वातावरण मोजावयाचे तर प्रश्नावलीपेक्षा मुलांच्या वागण्याकडे पाहणे अधिक उपयुक्त, असे आमचे मत आहे.

कायद्याने तर ह्या प्रश्नाचा निर्णय कधीच दिला आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकार अधिनियमाच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी केली आहे. कलम २९ मध्ये मुलाला भय, आघात व चिंता यांपासून मुक्त ठेवणे, ही अभ्यासक्रम व मूल्यमापनाची कसोटी सांगितली आहे.

दोन नावाजलेली उदाहरणे

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळी येथील जिल्हा परिषद शाळेचे नाव वृत्तपत्रांनी दूरवर पोचविले. वर्षाचे ३६५ दिवस उघडी राहणारी आणि दिवसाचे बारा तास चालणारी ही शाळा, दोन्ही हातांनी लिहिणारी व लांबलचक पाढे घडाघडा म्हणणारी तिची मुले, हे सारे पाहण्यास दुरून लोक येतात. पाहुण्यांच्या मनावर पाढ्यांचा ठसा उमटणे स्वाभाविक आहे. आम्हांस मात्र त्याहून मोलाचे हे वाटते की, एका लहानशा आदिवासी गावात सायंकाळी मुलांना बसण्यासाठी, वाचण्यासाठी आपली म्हणता येईल अशी जागा आहे आणि तेथे त्यांची वाट पाहणारे कोणी आहे. बारा तासांचा आदेश काढून हे प्रत्येक शाळेत घडविता येणार नाही. तसा आग्रह शिक्षकांवर अन्यायाचाही होईल.

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचा अनुभव याच जातीचा. ज्ञानरचनावादी पद्धतीने तेथील शाळांत मुले गटागटांनी जमिनीवर बसून साहित्याच्या साहाय्याने शिकू लागली. शिक्षा व धाक यांना तेथे थारा नव्हता. राज्यभरातून शिक्षक ते पाहण्यास गेले आणि परतल्यावर ठिकठिकाणी शाळांच्या फरशा अक्षरांनी व आकड्यांनी रंगल्या. रंग लवकर वाळला. त्या फरशीवर मुलांबरोबर मांडी घालून बसणारे शिक्षक मात्र सगळीकडेच दिसले असे नाही.

केंद्र व ग्रामपंचायत स्तरावर

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. ह्या समितीच्या सभेत बांधकाम, पोषण आहाराचे साहित्य व रंगरंगोटी यांवर तपशीलवार चर्चा होते. चाचणीचा निकाल आलाच तर एक टक्केवारी वाचून दाखविली जाते. त्याऐवजी तीन-चार उत्तरपत्रिका, मुलांची नावे झाकून, सभेपुढे ठेवल्या तर निरक्षर आईलाही कोऱ्या जागा दिसतील. तक्रारपेटी शेवटची कधी उघडली, त्यात काय निघाले आणि त्यावर काय केले, हे सरपंचांनी विचारण्यास कोणाची हरकत असू नये. सखी-सावित्री समिती कागदावर आहे की तिची बैठक होते, हेही त्याच सभेत कळेल. पाड्यावर येणाऱ्या शिक्षिकेला गावात राहण्याजोगी खोली मिळत नसेल, तर ती रोज साठ किलोमीटरची ये-जा करणार आणि पहिली संधी मिळताच बदली घेणार. ह्या बाबतीत ग्रामपंचायतीने केलेली मदत कोणत्याही निर्देशांकात नोंदली जात नाही. चाचणीतील गुणांवर मात्र तिचा परिणाम होतो.

केंद्रप्रमुखांसाठी एक छोटी सूचना करावीशी वाटते. चाचणीनंतर केंद्रातील शाळांचे क्रमांक लावण्यापूर्वी प्रत्येक शाळेसमोर दोन आकडे लिहावेत : पटावरील किती मुले चाचणीस अनुपस्थित होती, आणि एकूण प्रश्नांपैकी किती कोरे राहिले. त्यासाठी नवा नमुना वा नवे संकेतस्थळ लागत नाही. उत्तरपत्रिका शाळेतच असतात. महिन्याच्या शिक्षण परिषदेत ह्या दोन आकड्यांवर अर्धा तास बोलावे, आणि ज्या शाळेत कोऱ्या जागा कमी झाल्या तेथील शिक्षकांनी काय केले, ते त्यांच्याकडूनच ऐकावे.

लेखाच्या प्रारंभी उल्लेखिलेल्या पहिल्या शाळेत पुढे एक नवे गुरुजी आले. सुटीच्या दिवशी पाड्यावर फिरून ते मुलांच्या घरची बोली ऐकतात आणि तिच्यातील शब्द फळ्याच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवतात, असे तेथील स्वयंपाकी बाईंनी सांगितले. त्या शाळेची सरासरी आमच्या पुढील भेटीपर्यंत फारशी हललेली नव्हती. आम्ही आत शिरलो तेव्हा मात्र वर्ग गप्प झाला नाही.